रतनवाडीच्या मामांना, बाबांना नेढ्यापर्यंत नेल्याबद्दल

मामा, रामराम.

हे पत्र तुमच्या मुलाच्या मोबाईलवर पाठवतोय, तो वाचून दाखवील. चारचौघांत लिहितोय, कारण म्हाताऱ्या माणसाला रतनगडावर न्यावं का असं विचारणारे पुष्कळ असतात, आणि त्यांना बहुतेक 'कशाला उगाच' एवढंच ऐकायला मिळतं. तुमचं नाव मात्र घालत नाही. न विचारता ते बरं दिसणार नाही.

बाबा सत्तरीच्या पुढचे. भंडारदऱ्याला धरण बघायला यायचे तेव्हापासून त्यांना रतनगडाचं नेढं, म्हणजे ते डोंगरातलं आरपार भोक, जवळून बघायचं होतं. अमृतेश्वराच्या देवळापाशी तुम्ही भेटलात, त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलंत आणि विचारलंत, "जिना चढताना कठडा धरता का?" बाबा म्हणाले, "उतरताना धरतो." "मग चला," म्हणालात. डॉक्टरनेही इतकं नेमकं काही विचारलं नव्हतं.

निघताना कारवीची काठी तोडलीत ती बाबांच्या खांद्याशी मापून. अश्विनातलं ऊन, बांधावर पिवळीधमक खुरासणी, भात कापणीला आलेला. घरी एवढं काम पडलेलं असताना तुम्ही दिवस दिलात. पैसे आधी ठरवलेत आणि संध्याकाळी मोजून घेतलेत, हेही मला आवडलं. नाहीतर 'राहू द्या हो'ची ओढाताण दोघांनाही अवघड करते.

पण मला खरे आभार मानायचे आहेत ते वेगळ्याच गोष्टीचे. डोंगरात दमलेल्या माणसाला सगळेच एक थाप मारतात : "आलंच, दहा मिनिटं!" धीर द्यायलाच मारतात, पण तिसऱ्या 'दहा मिनिटां'नंतर माणूस खचतो. प्रवरेचा ओढा पुन्हा पुन्हा ओलांडून आम्ही रानात शिरलो तेव्हा बाबांनी विचारलं, किती राहिलं? तुम्ही म्हणालात, "लई हाये बाबा. निम्मं बी नाही झालं. कात्राबाईची वाट फुटती तिथं बसू. मग शिड्या. मग दरवाजा. नेढं त्याच्याबी पुढं." मला वाटलं, संपलं, आता हे इथूनच मागे फिरणार. बाबा उलट खूश झाले. पुढचा हिशेब कळला होता ना! त्यानंतर त्यांनी किती राहिलं असं विचारलंच नाही. कुठे बसायचं तेवढंच विचारत राहिले.

शिड्यांवरचा प्रसंग मात्र सविस्तर लिहायलाच हवा. उतरताना खालून एक मोठा गट आला, गाणी लावलेले, घाईतले. दोघे तर शिडीला हात घालून उभे. तुम्ही वरूनच "वाईच थांबा, माणूस उतरतोय" म्हणालात, आवाज न चढवता, आणि ते मागे सरले. मग बाबांना शिडीकडे तोंड करायला लावलंत, स्वतः दोन पायऱ्या खाली राहिलात आणि त्यांचं प्रत्येक पाऊल हाताने धरून गजावर टेकवलंत. "आता डावा. हां. आता हात सोडू नका, आधी पाय." माझ्या बापाचा पाय इतक्या काळजीने कुणी धरलेला मी पाहिला नव्हता, मीही कधी धरलेला नाही. खालच्या पोरांनी गाणी बंद केली होती.

नेढ्यात वारा असा की बोललेलं ऐकू येईना. तिथे बसून मामींनी दिलेली तांदळाची भाकरी आणि खुरासणीची चटणी खाल्ली. तुम्ही हात करून कळसूबाई दाखवलीत, मग अलंग, मदन, कुलंग हे गड. बाबांनी लगेच अलंगला कसं जायचं म्हणून विचारलं, तर तुम्ही हसून मान हलवलीत. तिथेही थाप नाही. "तिथं नाही नेणार मी तुम्हाला."

गडाला गाइड लागतो कशाला, वाट तर मळलेली आहे, असं आमच्या ओळखीतले पट्टीचे ट्रेकर म्हणतात. मळलेली आहेच. वाट दाखवायला कुणी नसलं तरी चालेल, पण सोबतच्या माणसाचा दम ओळखून वाट सांगणारा माणूस लागतो, आणि तो त्याच डोंगरात वाढलेला असेल तर फार बरं.

बाबा ठीक आहेत. दोन दिवस मांड्या धरल्या होत्या, त्याचंही कौतुक सांगत फिरत होते. तुमच्या दोघांचा नेढ्यातला फोटो मुलाकडे पाठवलाय. मोठा करून हवा असेल तर कळवा.

आणि कापणी झाली की काळभाताचा तांदूळ दहा किलो बाजूला ठेवा. भाव तुम्ही सांगाल तो. घ्यायला मीच येईन. बाबा येतोच म्हणतील, तेव्हा त्यांना काय सांगायचं ते तुम्हीच फोनवर सांगा.

मामींना नमस्कार.

तुमचा,
नाशिकचा भाचा