मिनिटांच्या कोष्टकाबद्दल

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रडार असताना दोन विमानांत किती मिनिटांचं अंतर ठेवायचं याची ही कोष्टकं कशाला घोकायची, असं तू परवा प्रयागराजच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलच्या प्रशिक्षणातून फोनवर वैतागून विचारलंस. फोनवर घाईघाईत उत्तर द्यावं असा हा प्रश्न नाही, म्हणून लिहायला बसले.

रडार सगळीकडे नाही, हे आधी ध्यानात घे. मुंबई कंट्रोलच्या हवाई हद्दीत अरबी समुद्राचा केवढा पट्टा येतो बघ. त्याला मस्कत, मोगादिशू, सेशेल्स, मालेच्या हद्दी लागून आहेत. किनारा दूर गेला की रडार संपतं, जवळच्या पल्ल्याचा व्हीएचएफ रेडिओही संपतो. आता उपग्रहामार्फत डेटालिंकवर विमानांचा ठावठिकाणा कळतो. आमच्या वेळी सगळी भिस्त एचएफ या लांब पल्ल्याच्या रेडिओवर असायची. 'मुंबई रेडिओ'चा ऑपरेटर खरखरीतून रिपोर्ट टिपून आमच्याकडे पाठवायचा: मार्गावरचा कुठला पॉइंट, किती वाजता ओलांडला, लेव्हल (उंची) कोणती, पुढचा पॉइंट किती वाजता. पावसाळ्यात वीज कडकडत असली की एकेक आकडा दोन-दोनदा विचारून घ्यावा लागे. एवढ्या माहितीवर आम्ही विमानं एकमेकांपासून लांब ठेवायचो.

आता तुझ्या कोष्टकातली 15 मिनिटं घेऊ, रडार नसताना मागेपुढे जाणाऱ्या दोघांत ठेवायची. 480 नॉटने जाणारं विमान मिनिटाला 8 नॉटिकल मैल कापतं. म्हणजे एकाच मार्गावर, एकाच लेव्हलला मागेपुढे असलेल्या दोघांत 120 मैल, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. रडारवर तिथे 5 मैलही चालतात. एवढी जागा का अडवायची? कारण एस्टिमेट, म्हणजे पुढच्या पॉइंटची सांगितलेली वेळ, हा शेवटी अंदाज असतो. वारा फिरला की तो चुकतो, आणि 3 मिनिटं चुकला तर 24 मैलांचा फरक पडतो. पुढचा अंदाजापेक्षा हळू निघाला आणि मागचा वेगात आला, तरी ते जवळ येता कामा नयेत.

म्हणून जिथे आपल्याला जास्त ठाऊक असतं, तिथे मिनिटं उतरतात. जमिनीवरच्या व्हीओआरसारख्या दिशादर्शक रेडिओ-साधनांवरून जागा आणि वेग वरचेवर तपासता येत असेल तर 10. एकाच पॉइंटवरून गेलेल्यांत पुढचा किमान 20 नॉटने वेगवान असेल तर 5, आणि 40 नॉटने असेल तर 3, कारण अंतर वाढतच जाणार. आकडा दिसला की 'इथे मला जास्तीचं काय माहीत आहे?' असं स्वतःला विचारत जा. कोष्टक आपोआप डोक्यात बसेल.

खरी कसोटी लेव्हल बदलताना लागते. समज, पश्चिमेकडे एकाच मार्गावर दोघं चाललेत. पुढचा 340 ला (म्हणजे 34,000 फुटांच्या लेव्हलला), मागचा 320 ला. पुढच्याने पॉइंट 0510 ला ओलांडला, मागच्याने 0518 ला. मागचा 360 मागतोय. 340 मधून वर जाताना दोघांत 8च मिनिटं, म्हणजे नाही देता येत. वैमानिक पुन्हा मागेल, इंधनाचं सांगेल, तरी नाही. पण पुढच्यालाही वर जायचं असेल तर आधी त्याला 360 दे. त्याने रीडबॅक अचूक दिला, म्हणजे सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवली, तरी स्ट्रिपवर (विमानाची नोंद असलेल्या पट्टीवर) 340 अजून त्याचीच. 'लेफ्ट 340', म्हणजे 340 सोडली, असा त्याचा रिपोर्ट आला, की जुन्या आकड्यावर रेघ मार आणि मग मागच्याला 340 दे. रेघच मार, खोडू नकोस. आधी काय होतं ते तुझ्या जागी येऊन बसणाऱ्याला दिसलं पाहिजे. क्लिअरन्स (परवानगी) दिला म्हणजे विमान तिथे पोचलं, असं धरून चालणारे मला आवडत नाहीत.

चरखी दादरीची हवेतली टक्कर तुम्हाला शिकवतीलच. 12 नोव्हेंबर 1996. दिल्लीत तेव्हा प्राथमिक रडार होतं. त्यावर विमान कुठे आहे ते दिसायचं, उंची दिसत नसे. उतरणाऱ्या कझाक विमानाला 15,000 फूट दिले होते, वर चढणाऱ्या सौदी विमानाला 14,000. एक हजार फुटांचं अंतर नियमाप्रमाणे होतं, समोरच्या ट्रॅफिकची सूचनाही कझाक विमानाला दिलेली होती. ते विमान 15,000 च्या खाली उतरलं. 349 माणसं गेली. कंट्रोलरचं काम चोख होतं, हे मी आजही ठासून सांगते. पण उंची वैमानिकाच्या तोंडूनच कळत असेल, तर पडद्यावर ठिपका दिसत असूनही त्या बाबतीत तू रडारशिवायच काम करत असतेस. त्यानंतर दिल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारं रडार आलं, विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. समोर कितीही चांगला पडदा असला, तरी तो बंद पडला की त्याच क्षणी लेव्हल आणि मिनिटं एवढंच हातात उरतं. तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो, बाळा.

आता एक गणित. मुंबईहून नैरोबीला जाणारं एक विमान, मालेहून मस्कतला जाणारं दुसरं, दोन्ही 340 ला. मार्ग जिथे छेदतात तिथली एस्टिमेट 0612 आणि 0621. कुणाला हलवशील, कुठल्या लेव्हलला, आणि त्याने ती किती वाजायच्या आत गाठली पाहिजे? स्ट्रिप काढून त्याचा फोटो पाठव. वरची लेव्हल दिलीस तर तिथे आधीच कुणी आहे का, ते मला विचारल्याशिवाय उत्तर लिहू नकोस.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी,
आई