न मागता आलेले एक्स्टेन्शन

मा. संपादक,

म्हापसा, फोंड्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांत क्रोमचे शोधपान आपोआप बदलले, की व्हायरस समजून विंडोजच नव्याने घातली जाते. एवढा खटाटोप कशाला? बहुधा ते फुकट पीडीएफ कन्व्हर्टरसोबत शिरलेले एक्स्टेन्शन, म्हणजे क्रोमला जोडलेला छोटा प्रोग्राम, असते.

उजवीकडची तीन टिंबे, एक्स्टेन्शन्स, मग मॅनेज एक्स्टेन्शन्स उघडा. साध्या कन्व्हर्टरला ‘डिटेल्स’मध्ये सर्व संकेतस्थळे वाचण्याची परवानगी दिसली, तर ‘रिमूव्ह’ दाबा. रिमूव्हच चालत नसेल, तर ते पॉलिसीने, म्हणजे कंपन्या-संस्था आपल्या संगणकांवर लावतात तशा सक्तीच्या नियमाने, बसवलेले असते. घरच्या संगणकावर अशी पॉलिसी संशयास्पदच. आधी कंट्रोल पॅनेलमधून सोबत आलेला प्रोग्राम काढा, नाहीतर ते परत येते. शेवटी क्रोमची सेटिंग्ज रीसेट करा. बुकमार्क आणि पासवर्ड शाबूत राहतात.

— संगणक दुरुस्ती करणारे काही वाचक, म्हापसा