बाबा, चिकाटी कमी पडलेली नाही

तीर्थरूप बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "आठवणी लिहायच्या ठरवून सहा महिने झाले, चार पाने लिहिली आणि तिथेच थांबलो. माझ्यात आता पहिल्यासारखी चिकाटी उरली नाही." मी तेव्हा विषय बदलला, कारण उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखी ती गोष्ट नव्हती. पण ते बोलणे मनातून जात नाही, म्हणून आज सवडीने लिहायला बसले आहे.

बाबा, मला तुमचे म्हणणे पटलेले नाही. तेहतीस वर्षे वेळेवर कामावर जाणाऱ्या माणसाची चिकाटी निवृत्तीनंतर दीड वर्षात संपते, हे कसे मानायचे? नोकरीत तुमची वेळ ठरलेली होती, बसण्याची जागा ठरलेली होती आणि सकाळी टेबलावर कोणते काम येणार हेही बहुतेक ठाऊक असायचे. वहीच्या बाबतीत यातले काहीच ठरलेले नाही. आहे ती फक्त इच्छा आणि "जमेल तसे लिहीन" हा शब्द. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांनी लक्ष्य या विषयावर अनेक दशके संशोधन केले, आणि त्यांच्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा हेच दिसले की "जमेल तेवढे कर" असे सांगितलेल्या माणसापेक्षा नेमके आणि थोडे कस लावणारे लक्ष्य दिलेला माणूस अधिक काम करतो. "जमेल तसे" या शब्दांत कमी-जास्त मोजायला काही मापच नसते.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. इथे आले तेव्हा वर्षभरात इथली भाषा शिकून परीक्षा द्यायची, असे मी ठरवले होते. त्या अभ्यासाची वही अजून माझ्याजवळ आहे. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत "रोज दोन तास अभ्यास" असे लिहिले आहे आणि खाली तारखांचे रकाने आखले आहेत. पहिल्या आठवड्यात बरोबरच्या पाच खुणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एकही नाही. पुढे "सोमवारपासून नक्की" असे लिहून खोडले आहे आणि त्याखाली पुन्हा तेच शब्द लिहिले आहेत. त्या वर्षी मी परीक्षेत नापास झाले. तुम्हाला काळजी लागेल म्हणून तेव्हा सांगितले नव्हते, आज सांगते.

लक्ष्य कागदावर लिहिले की निम्मे काम होते, असे मला तेव्हा वाटत असे. येल विद्यापीठाची ती गोष्ट तुमच्याही कानावर आली असेल: १९५३ च्या तुकडीतील ज्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती, त्यांनी पुढे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त संपत्ती मिळवली. असा अभ्यास कधी झालाच नव्हता, हे मला फार उशिरा कळले. लिहिणे वाईट नाही, पण काय लिहितो याला महत्त्व आहे.

मला वाट सापडली ती पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाच्या एका साध्या विचारातून. ते म्हणतात की "मला हे करायचे आहे" एवढ्यावर न थांबता "अमुक घडले की मी अमुक ठिकाणी अमुक करीन" इथपर्यंत ठरवावे. म्हणजे ऐन वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. ती घटनाच कामाची आठवण करून देते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात काही विद्यार्थ्यांना पुढच्या आठवड्यात निदान एकदा व्यायाम करण्यास सांगितले होते. ज्यांनी दिवस, वेळ आणि जागा लिहून दिली, त्यांच्यातील ९१ टक्के विद्यार्थ्यांनी व्यायाम केला. ज्यांना केवळ व्यायामाचे फायदे पटवून दिले, त्यांच्यात हे प्रमाण ३५ टक्के होते. पटलेले तर त्यांनाही होते, बाबा, जसे तुम्हाला वहीचे महत्त्व पटलेले आहे.

मग मी दोन तासांची ओळ खोडली आणि नव्या पानावर लिहिले: "रात्री भांडी आवरून ओटा पुसला की तिथेच शेजारच्या टेबलाशी बसून दहा वाक्ये मोठ्याने वाचायची." पुस्तक मी टेबलावर उघडेच ठेवू लागले. ओल्या हातांनी पान उलटल्यामुळे त्याचे कोपरे फुगून आले आहेत. काही रात्री दहाची चाळीस वाक्ये होत, काही रात्री डोळे मिटत असताना जेमतेम दहा. वर्षभरात होईल असे वाटलेल्या कामाला मात्र बारा नव्हे, चांगले सतरा महिने लागले आणि मग मी उत्तीर्ण झाले. आपला अंदाज असा चुकणे हेही नेहमीचेच आहे: कॅनडातील काही विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असे विचारले, तेव्हा त्यांनी सरासरी ३४ दिवस सांगितले आणि प्रत्यक्षात ५५ लागले. म्हणून दिवाळीपर्यंत, वाढदिवसापर्यंत अशी मुदत वहीला घालू नका. पाने मोजू नका, बैठका मोजा.

एक गोष्ट मी त्या काळात मन घट्ट करून केली. भाषेबरोबर पोहणे आणि चित्रकलाही शिकायची होती. ती दोन्ही मी सोडून दिली. पुढे ढकलली असे म्हटले असते तर ती मनात टोचत राहिली असती. तुमच्याही यादीत आठवणींबरोबर संस्कृतचा अभ्यास आणि जुन्या कागदपत्रांची लावालाव आहे ना? ती दोन्ही तुम्हीही सोडून द्यावीत, अशी माझी विनंती आहे.

तुमच्यासाठी मला सुचते ते असे. सकाळी वर्तमानपत्र वाचून तुम्ही त्याची घडी घालता, ती सवय चाळीस वर्षांची आहे आणि ती चुकत नाही. घडी घातली की त्याच खुर्चीत वही मांडीवर घ्यावी आणि एका प्रसंगाच्या पाच ओळी लिहाव्यात. उठण्यापूर्वी उद्याच्या प्रसंगाचा एक शब्द पानाच्या तळाशी टिपून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाकडे पाहत बसावे लागणार नाही. सकाळी पाहुणे आले किंवा दवाखान्यात जायचे असले, तर रात्री अंथरुणावर बसून दोनच ओळी. एखादा दिवस अगदीच चुकला तरी मनाला लावून घेऊ नका. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास झाला, तेव्हा एखादा खाडा पडल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडलेला दिसला नाही. सवय अंगवळणी पडायला मात्र सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. तेव्हा तीन आठवड्यांत जमले नाही म्हणून पुन्हा चिकाटीला बोल लावू नका.

त्या चार पानांपैकी आजोबांनी तुम्हाला सायकल शिकवली तो प्रसंग तुम्ही मला वाचून दाखवला होता. आजोबांचा तो मागून सीट धरलेला हात मला त्यानंतर कितीदा तरी आठवला. त्यांना मी पाहिलेले नाही, त्यामुळे ते मला भेटतील ते तुमच्या वहीतच.

येत्या रविवारी फोन करीन, तेव्हा किती लिहिले हे विचारणार नाही. वही खुर्चीजवळ आणून ठेवली का, एवढेच विचारीन. आईला नमस्कार सांगा आणि तब्येतीला जपा.

तुमची,
धाकटी