नळाचं पाणी आणि बेडकाचं हृदय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर यांच्यावरचा लेख वाचला. मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात एकतीस वर्षं प्रयोगशाळा साहाय्यक होतो. रोज सकाळी ‘रिंगर’, म्हणजे बेडकाचं काढलेलं हृदय किंवा स्नायू चालू ठेवणारा क्षारांचा द्रव, बनवायचा हे माझंच काम, म्हणून हे पत्र.

लेखात म्हटलंय की बाहेरच्या द्रवातलं क्षारांचं प्रमाण रक्ताइतकं असलं की स्नायू काम करत राहतो. हे अर्धंच झालं. प्रमाण महत्त्वाचं आहेच. बेडकाला लिटरमागे साडेसहा ग्रॅम मीठ, माणसाला नऊ. मीठ दुपटीने घातलं की स्नायूच्या तंतूतलं पाणी बाहेर ओढलं जातं, तंतू आकसतो आणि विजेचा झटका दिला तरी जेमतेम हलतो. उलट निव्वळ डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवला तर फुगतो, पांढरट पडतो आणि ताठरतो. पण आमच्या बाटलीत साडेसहा ग्रॅम मिठाखेरीज ०.१४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, ०.२ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि ०.१२ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड असायचं. हे शेवटचं सगळ्यात शेवटी, आधी विरघळवून मग घालायचं, नाहीतर बाटली दुधाळ होते. नवा माणूस हे पहिल्या आठवड्यात चुकायचाच. खारटपणाच्या हिशोबात या चिमूटभर कॅल्शियमला किंमत नाही, पण ते काढलं की हृदय थांबतं.

रिंगर यांनाही हे आधी माहीत नव्हतं. १८८२ मध्ये त्यांनी छापलं की साध्या मिठाच्या पाण्यात बेडकाचं हृदय छान चालतं. मग कळलं की ते पाणी डिस्टिल्ड नव्हतंच, लंडनच्या न्यू रिव्हर कंपनीच्या नळाचं होतं. हर्टफर्डशरच्या चुनखडीतून झिरपून आलेलं, म्हणजे कॅल्शियम आपसूक. खऱ्या डिस्टिल्ड पाण्यात तेच हृदय मंदावत थांबलं. रिंगर यांनी १८८३ मध्ये स्वतःची चूक स्वतः छापली आणि त्याच निबंधात कॅल्शियमचं काम सांगितलं. आपला निष्कर्ष चुकला असं छापून सांगणारे साहेब मी तरी फार पाहिले नाहीत.

आता माझी खरी तक्रार. ते नळाचं पाणी वापरणाऱ्या त्यांच्या साहाय्यकाला लेखात ‘निष्काळजी नोकर’ म्हटलंय. त्याला नाव होतं, फील्डर. शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी पुढे लिहून ठेवलंय, की म्हातारपणी फील्डरने त्यांना सांगितलं : एवढा वेळ घालवून पाणी उकळत बसायचं कशाला, डॉक्टरांना फरक थोडाच कळणार आहे! चूक होतीच. पण हा विचार ज्याच्या मनात एकदाही आला नाही असा लॅबवाला मला दाखवा.

माझ्याही हातून झालं. उन्हाळ्यात डिस्टिलेशन प्लँटची कॉइल जळाली, नवी येईना आणि प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर धरायचा. मी त्याच पाण्यात रिंगर केला, कॅल्शियमसकट. ठोके टिपणाऱ्या, काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर हृदयाची रेघ उंच उंच गेली. सर खूश झाले. पण पाचेक मिनिटांत रेघ खाली यायचीच विसरली. कॅल्शियम जास्त झालं : आकुंचन होतंय, पण हृदय सैल पडत नाही. सरांनी पाणी विचारलं, मी खरं सांगितलं. ते रागावले, मग सगळ्या मुलांना बोलावून ती रेघ दाखवली. कोकणात जांभ्यातलं हलकं पाणी असतं, तिथे हीच चोरी खपली असती असं ते म्हणाले, तेव्हा कुठे मला हसू आलं.

आणखी एक. त्याच बेडकाचा पोटरीचा स्नायू मात्र कॅल्शियम नसलेल्या द्रवातही बराच वेळ झटके देत राहतो. त्याचा कॅल्शियमचा साठा तंतूच्या आतच असतो. हृदयाला प्रत्येक ठोक्यासाठी बाहेरच्या कॅल्शियमची गरज लागते. ‘स्नायू’ म्हणून सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही तो यामुळे. सलाइनच्या बाटलीवर ‘आरएल’ (रिंगर लॅक्टेट) वाचलं की त्यातला ‘आर’ रिंगर यांचा, हे लेखात बरोबर आहे. त्यातलं लॅक्टेट अमेरिकन डॉक्टर हार्टमन यांनी १९३२ च्या सुमारास घातलं, ते लेखात राहिलंय.

आता कॉलेजात बेडूक नाहीत, आणि ते ठीकच झालं. पोत्यातून आलेले बेडूक मोजून घेणं मला कधीच आवडलं नाही. मुलं संगणकावर रेघ बघतात. त्यात पाणी नेहमी शुद्धच असतं.

पुरवणीत दुरुस्ती छापणार असाल तर फील्डरचं नाव घालावं. माझ्या त्या दिवसाचा काजळीचा कागद वॉर्निश लावून ठेवलेला आहे. कोपरा वाळवीने खाल्लाय, पण रेघ शाबूत आहे. आपला वार्ताहर आला तर दाखवीन.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, लातूर