डेन्व्हरची खरी उणीव

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. फुटबॉलवेड्या गोव्यात एनबीएची (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग) चर्चा वृत्तपत्रांतून क्वचितच होते. तरीही फोंड्यात सायंकाळी बास्केटबॉल खेळणाऱ्या आम्हा मंडळींत त्या लीगमधील डेन्व्हर नगेट्स संघाच्या फॉरवर्ड (आघाडीच्या फळीतील) खेळाडूंवरून जो वाद रंगतो, त्याबाबत माझे मत मांडू इच्छितो. 2025 मध्ये या संघाने मायकेल पोर्टर ज्युनियर आणि 2032 सालच्या ड्राफ्टमधील (नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील) पहिल्या फेरीचा हक्क ब्रुकलिन नेट्सला देऊन कॅमेरॉन जॉन्सनला घेतले. पोर्टर उंचीने सरस आणि रिबाउंडमध्ये (हुकलेल्या फेकीनंतरचा चेंडू पकडण्यात) उजवा असल्याने अनेकांना हा सौदा तोट्याचा वाटतो. मला तसे वाटत नाही. जॉन्सनचे वेतन बरेच कमी असल्याने संघाच्या वेतनखर्चात मिळालेल्या मोकळिकीतूनच ब्रूस ब्राउन, टिम हार्डवे ज्युनियर यांच्यासारखे राखीव खेळाडू जमवता आले.

खरी चिंता ॲरन गॉर्डनची आहे. संघाचा प्रमुख खेळाडू निकोला योकिचच्या पासवर रिंगजवळ गुण करणे आणि प्रतिस्पर्ध्यांच्या धिप्पाड खेळाडूंना रोखणे ही दोन्ही कामे तोच करतो. 2025 च्या प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) ओक्लाहोमा सिटी संघाविरुद्धच्या सातव्या सामन्यात मांडीचा स्नायू दुखावलेला असतानाही त्याला उतरावे लागले, तेव्हा त्याच्या तोडीचा बदली खेळाडू संघात नाही हे उघड झाले. पेटन वॉटसन चपळ आहे, त्याची उडीही उत्तम (आमच्यातील तरुणांचा तो लाडका), पण अंगाने तो सडपातळ. त्यामुळे व्यवस्थापनाने लांबून अचूक बास्केट करणारा आणखी एक खेळाडू शोधण्याऐवजी बचावात मुरलेला, दणकट पॉवर फॉरवर्ड (रिंगजवळ खेळणारा फॉरवर्ड) आधी घ्यायला हवा.

आपला नम्र,
एक बास्केटबॉलप्रेमी वाचक, फोंडा-गोवा