आधी लेन्स, मग कॅमेरा

पुणे, १२ जून

प्रिय मेधा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. ७५ हजारांत पहिला मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा, आर्याचे कथकचे कार्यक्रम, घरचे सणवार आणि जमलं तर पावसातली बाग, एवढं तू लिहिलंस, म्हणून उत्तर नेमकं देता येईल. नुसतं ‘चांगला कॅमेरा कोणता’ विचारलं असतंस तर काहीच सांगता आलं नसतं.

सगळ्यात आधी ७५ मधले २५ हजार बाजूला काढून ठेव आणि त्यांना हात लावू नकोस. त्यातून एक मोठ्या ॲपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या भोकाची) लेन्स, दोन कार्डं, एक जास्तीची बॅटरी आणि लेन्स ठेवायचा डबा एवढं यायला हवं. कॅमेऱ्याची बॉडी उरलेल्या ५० मध्ये बसवायची. बहुतेक जण याच्या उलट करतात. सगळे पैसे नव्या बॉडीत घालतात आणि तिच्याबरोबर आलेल्या किट लेन्सवर वर्षानुवर्षं काढतात. मग सभागृहातले फोटो कणीदार आणि हललेले आले की दोष कॅमेऱ्याला.

हे का होतं ते आकड्यांतच बघ. कॅननची १८-४५ ही किट लेन्स पूर्ण झूम केली की तिचं ॲपर्चर एफ ६.३ वर येतं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान). ५० एमएमची साधी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. ६.३ ला १.८ ने भागून वर्ग केलास तर सुमारे १२ येतात, म्हणजे त्याच क्षणात बारापट उजेड आत येतो. समज, रंगमंचावर १/२५० सेकंदाला ५० एमएमवर आयएसओ १६०० पुरतो (आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो वाढवला की फोटो कणीदार होतो). तोच फोटो किट लेन्सने काढायला आयएसओ जवळजवळ २०,००० लागेल. त्या आकड्याला चेहऱ्यावरची कातडी मेणासारखी दिसते आणि घुंगरांचा एकच पिवळट पट्टा होतो. बॉडी कितीही महाग घेतलीस तरी हा बारापटीचा फरक ती भरून काढू शकत नाही.

आता अंतर. तू चौथ्या-पाचव्या रांगेत, मंचापासून साधारण ८ मीटरवर बसलीस असं धरू. कॅननच्या एपीएस-सी (लहान आकाराच्या) सेन्सरवर ५० एमएम लावली की तिथून आडव्या चौकटीत सुमारे साडेतीन मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच भाग मावतो. आर्या पायापासून वर उचललेल्या हातापर्यंत पूर्ण येईल आणि दोन्ही बाजूंना जागाही राहील. उभा धरलास तर बाजूची जागा कमी होईल, पण वर-खाली जास्त उरेल. पण हीच लेन्स घरात अडचणीची. अडीच मीटरवरून जेमतेम ११० सेंटीमीटर रुंदी मिळते, म्हणजे दोन चेहरे आणि संपलं. घरी गणपतीच्या आरतीला सगळे हवे असतील तर किट लेन्सच लाव आणि दिवे भरपूर लाव. म्हणून किट विकून टाकू नकोस.

बॉडी निवडताना तुझ्या कामाला एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, ती म्हणजे डोळा लावायची खिडकी, व्ह्यूफाइंडर. अंधाऱ्या सभागृहात मागचा स्क्रीन उघडा ठेवून फोटो काढलेस तर मागच्या रांगेतल्या लोकांना दोन तास तो उजेड सहन करावा लागेल. सोनीचा झेडव्ही-ई १० आणि निकॉनचा झेड ३० दोन्ही गुणी कॅमेरे आहेत, व्हिडिओ करणाऱ्याला मी डोळे झाकून सांगेन, पण दोघांनाही व्ह्यूफाइंडर नाही. तुझ्या यादीतून ते गेले. कॅननचा आर १०० स्वस्त दिसेल. त्याला व्ह्यूफाइंडर आहे, पण त्याचा स्क्रीन ना हलतो ना स्पर्श ओळखतो, आणि रोजच्या वापरात ते फार जाचतं. एम ५० सेकंडहँडमध्ये ढिगाने मिळतो. तो मात्र ईएफ-एम माउंटचा (लेन्स बसवायच्या खाचेचा) आहे, ती मालिका कॅननने थांबवली आहे आणि त्याच्यावर आर मालिकेच्या लेन्स बसत नाहीत. आज स्वस्त पडेल, उद्या लेन्स शोधत फिरावं लागेल.

माझ्या मते तुझ्यासाठी कॅननचा आर ५० बरा. २०२३ चा आहे, २४ मेगापिक्सेलचा, हलका, आणि माणसाचा डोळा पकडून फोकस धरून ठेवतो. नवा किटसकट घेतलास तर तुझे बहुतेक पैसे तिथेच जातील, म्हणून वर्ष-दीड वर्ष वापरलेला, बिलासकट बघ. त्याच्याबरोबर आर मालिकेचीच आरएफ ५० एमएम एफ १.८ लेन्स. तो मिळाला नाही तर सोनीचा ए ६४०० सेकंडहँड आणि त्यांचीच ई ५० एमएम एफ १.८. सोनीच्या ई माउंटच्या वापरलेल्या लेन्स बाजारात भरपूर असतात, हा त्याचा मोठा फायदा. बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही म्हणून दोघांपैकी कोणालाही नाकारू नकोस. तुझ्या हाताची थरथर त्याने थांबते, नाचणाऱ्या मुलीचा हात थांबत नाही.

तुझ्या भावाकडे जुना कॅनन डीएसएलआर आहे ना? त्याच्याकडे ईएफ (कॅननच्या डीएसएलआरची) ५० एफ १.८ लेन्स असेल तर आधी ती माग. ईएफ ते आर असा ॲडॉप्टर लावला की आर ५० वर ती ऑटोफोकससकट चालते. निकॉनची गोष्ट वेगळी. त्यांच्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते, आणि झेड कॅमेऱ्यावर एफटीझेड ॲडॉप्टरने लावल्या तर फोकस हाताने करावा लागतो. कुणी ‘५० एमएम डी स्वस्तात देतो’ म्हणालं तर नाही म्हण.

सेकंडहँड बघायला जाशील तेव्हा घाई करू नकोस, अर्धा तास लागतोच. मोबाईलचा टॉर्च आणि रिकामं कार्ड बरोबर ने. लेन्स काढून एका बाजूने टॉर्च मार, दुसऱ्या बाजूने तिरकं बघ. धुळीचे दोन-चार कण असले तर काही बिघडत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फाटे फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी आहे, आणि ती लेन्स फुकट दिली तरी घ्यायची नाही. मग लेन्स बसवून एफ १६, आयएसओ १०० वर पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम फोकस घालवून फोटो काढ आणि मोठा करून कडेकोपरे बघ. काळपट गोल ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती ब्लोअरने निघते, तोंडाने मात्र कधी फुंकायची नाही, थुंकीचे डाग पडतात. पुढे झाकण लावून दोन-तीन सेकंदांचा एक फोटो काढ. लाल-निळे चमकणारे ठिपके दोन-चार असले तर हरकत नाही, गर्दी असली तर सोड.

स्क्रीन उघडून हळूहळू पूर्ण फिरव. फिरवताना मध्येच रेघा आल्या किंवा काळा झाला तर आतली केबल गेलेली असते. किट लेन्स दहा वेळा मागे-पुढे झूम कर, सोनीची पॉवर झूम असेल तर आवर्जून, कारण ती अडकली की दुरुस्ती परवडत नाही. प्रत्येक चाक एकेक खटका फिरव, एका खटक्यात दोन आकडे उडता कामा नयेत. बॅटरी फुगलेली आहे का, सपाट टेबलावर ठेवून बघ. बिलावरचा आणि बॉडीवरचा नंबर जुळव. बिल भारतातलं, जीएसटीचं हवं, नाहीतर उरलेली वॉरंटी तुझ्या उपयोगाची नाही. शटर किती वेळा पडलं तो आकडा सोनी आणि निकॉनच्या फाइलमध्ये असतो, कॅननच्या फोटोत सहसा सापडत नाही, तिथे हातातल्या खुणांवरूनच ठरवायचं. मुंबईला चक्कर होणार असेल तर फोर्टातल्या बोरा बाजारात चार दुकानं हिंडून ये, हातात धरून बघता येईल.

कार्डं ६४ जीबीची दोन घे, १२८ चं एक नको. एक बिघडलं तर अर्धा कार्यक्रम तरी हाती राहतो. त्यावर व्ही ३० लिहिलेलं असलं की पुरे, ते सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं. महाग वेगवान कार्डाचे पैसे आर ५० ला वायाच जातात. स्वस्त मिळतंय म्हणून अनोळखी विक्रेत्याकडून घेऊ नकोस, नकली कार्डं फार आहेत.

कार्यक्रमाच्या दिवशी मोड मॅन्युअल, ॲपर्चर एफ २, शटर १/२५०, आयएसओ ऑटो आणि वरची मर्यादा ६४००. फोकस सर्व्होवर (हलणाऱ्या माणसामागे सतत जाणारा), माणसाचा डोळा ओळखणं चालू. चक्कर चालू झाली की शटर १/५०० कर. समेवर येऊन थांबते तेव्हा १/१२५ सुद्धा पुरतं, आणि सगळ्यात स्वच्छ फोटो तिथेच मिळतो. तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा बोल) सुरू झाली की डोळा खिडकीला लावून तयार राहा. मागचा पडदा काळा असला तर कॅमेरा फसतो, उजेड वाढवतो आणि चेहरा पांढराफटक होतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर (कॅमेरा ठरवतो त्याच्या निम्म्या उजेडावर) ठेव आणि फाइल रॉमध्ये (नंतर सुधारता येणाऱ्या कच्च्या स्वरूपात) काढ. सायलेंट मोड मात्र बंद. त्यात सेन्सर एकेक ओळ वाचत जातो, मंचावरचे एलईडी तेवढ्यात लुकलुकतात आणि फोटोवर आडवे पट्टे येतात. साधं शटर ठेवूनही पट्टे दिसले तर १/१०० वर आण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात.

तुमच्या रत्नागिरीच्या पावसाळ्याची मला जास्त काळजी वाटते. कॅमेरा कपाटात किंवा चामड्याच्या बॅगेत कोंडून ठेवू नकोस, बुरशी तिथेच धरते. धान्याचा असतो तसा घट्ट झाकणाचा डबा घे, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक टाक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ६० च्या वर जायला लागला की जेल बदल. एसी सभागृहातून बाहेर आलीस की कॅमेरा लगेच काढू नकोस, काचेवर दव धरतं. बॅगेची चेन लावून अर्धा तास तसाच राहू दे.

शनिवारी बघायला जाणार आहेस ना, त्या टॉर्चच्या तपासणीचा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो तिथूनच मला पाठव. मी बघून सांगेपर्यंत पैसे देऊ नकोस. काका-काकूंना नमस्कार, आर्याला आशीर्वाद.

तुझी,
वृंदा