जिवाणू खते विकताना सावलीही द्या

मा. संपादक,

सोयाबीन-तुरीच्या पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळणारे शेतकरी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वाढू लागले आहेत. हवेतील नत्र मुळांवरील गाठींत स्थिर करणारे हे जिवाणू १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम पुरतात आणि युरियाचा खर्च हलका करतात. मागणी वाढली, साठवण मात्र सुधारली नाही. गेल्या मृगात मी घेतलेली पाकिटे दुकानदाराने तापलेल्या पत्र्याखाली रचून ठेवली होती. महिनाभराने झाड उपटून पाहिले, तर मुळांना गाठी नावालाच. (थंड, कोरड्या जागी ठेवण्याची सूचना पाकिटावरच छापलेली होती!) खत नियंत्रण आदेशात २००६ पासून जैविक खतेही येतात, तेव्हा कृषी विभागाने पेरणीपूर्वीच दुकानांतील साठ्याचे नमुने तपासावेत.

— एक शेतकरी, ता. दारव्हा